कॉइल, कचोरी आणि खंडव्याचा रस्ता

माझी नात म्हणते, प्रवासाचा ब्लॉग लिहायचा तर त्यात रस्ता, खाणं, मुक्काम आणि खर्च आलाच पाहिजे, लोक त्यासाठीच वाचतात. तर आधीच सांगून टाकते. रस्ता इंदूर ते खंडवा, सिमरोलच्या घाटातून, पण सत्तर वर्षांपूर्वीचा. खाणं काहीच नाही, कारण निर्जला एकादशी होती. मुक्काम धर्मशाळेत. आणि खर्च मामंजींनी केला, सुनेनं विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. एवढ्यावर ज्यांचं भागलं त्यांनी खुशाल दुसरीकडे जावं. बाकीच्यांनी बसावं, कारण गाडी भर रस्त्यात अचानक का गप्प होते, हे मी या प्रवासात शिकले आणि ते आजही उपयोगी पडेल.

तेव्हा मध्यभारत राज्य होतं, खंडवा मात्र त्याच्या हद्दीबाहेर, मध्य प्रदेशात. उन्हाळ्यात राजधानी ग्वाल्हेरहून इंदुरात यायची आणि फायलींच्या पेट्यांमागोमाग कारकूनही यायचे. मी साताऱ्याहून लग्न होऊन रामबागेत आले, त्याला वर्षही झालं नव्हतं. घरात आम्ही चौघं: माझे यजमान, ते मिलच्या ऑफिसात, त्यांचे वडील, म्हणजे माझे मामंजी, होळकरांच्या वसुली खात्यातून निवृत्त झालेले, आणि मामंजींची धाकटी बहीण, आत्याबाई. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. आत्याबाईंना एकोणिसाव्या वर्षी वैधव्य आलं आणि त्या भावाकडे राहायला आल्या. मग घरचं सगळं सांभाळून मॅट्रिक झाल्या, बी.ए. झाल्या, मास्तरकीची परीक्षा दिली आणि एका मुलींच्या शाळेत शिकवायला लागल्या. चाळिशीला टेकलेल्या, उंच, कमी बोलणाऱ्या.

इंदूरच्या मंडळींची भाषा मला सुरुवातीला झेपायची नाही. मराठी म्हणून सुरू झालेलं वाक्य मधेच हिंदीच्या गल्लीत शिरायचं आणि शेवटी क्रियापदाला धरून घरी परत यायचं. पण भाषेपेक्षा मला चकित केलं ते यांच्या खाण्यानं. आमच्याकडे प्रवासाला निघताना दशम्या बांधून घेतात आणि पोचल्यावर खातात. इथं निघण्याचं कारणच वाटेत खाणं हे असायचं. उज्जैनला निघालं की सांवेरला कचोरी. महूला निघालं की राऊला पोहे. देवासला निघालं की शिप्रेच्या अलीकडे भजी. मामंजी गाडी रस्त्याकडेला घ्यायचे, टोपी सारखी करायचे आणि म्हणायचे, "चला, उतरा, काहीतरी खाऊ!" मग तासभर निवांत खाणं. आत्याबाई तेवढ्या गाडीतच बसून राहायच्या. त्या बाहेरचं खात नसत. सोवळं ओवळं त्यांनी शाळेत जायला लागल्यावर बरंचसं सोडलं होतं, पण हा एक नेम आईला शब्द दिला म्हणून पाळत होत्या. खिडकीची काच खाली करून त्या आमच्याकडे आणि गाडीच्या नाकाकडे बघत बसायच्या.

गाडी विलायती होती, चार दारांची, फिकट हिरवी. संस्थान विलीन झालं तेव्हा एक साहेब मुलूख सोडून निघाला, त्याच्याकडून मामंजींनी ती घेतली होती. कचेरी गेली, शिक्का गेला, शिपाई गेला. गाडी तेवढी आली. दर रविवारी ते तिचे प्लग काढून ब्रशनं घासत, ठिणगी पाडून बघत आणि आत्याबाई त्यांना चहा नेऊन देत.

जायचं ठरलं ते असं. खंडव्याच्या एका मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिकेची जागा निघाली. आत्याबाईंनी घरात कुणाला न विचारता अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं तेव्हा जेवताना सांगितलं. जागेबरोबर शाळेच्या आवारात दोन खोल्या होत्या. मामंजींचा घास हातातच राहिला.

"खंडवा? मतलब... परराज्यात?"

"खंडवा तुला परराज्य कधीपासून झालं, दादा? माझ्या लहानपणी आपण आंबे खायला जायचो."

"तेव्हाची बात अलग होती. तू तिथं एकटी राहणार?"

"दोन खोल्या आहेत."

मामंजींनी वरण वाढून घेतलं आणि विचारलं, "कधी आहे?" आत्याबाईंनी तारीख सांगितली. पंचांगात पाहिलं तर निर्जला एकादशी. मुलाखत तीन वाजता. उशीर झाला तर पुढचा उमेदवार आत जाईल, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं.

आत्याबाई म्हणाल्या, "सकाळची रेल्वे आहे. मी एकटी जाऊन येते."

"घरात गाडी असताना माझी बहीण रेल्वेनं जाणार? बिल्कुल नाही. मी सोडतो." आणि माझ्याकडे वळून, "सूनबाई, तूही चल. नर्मदामैयाचं दर्शन होईल."

भावाला बहिणीला पोचवायचं होतं की धरून ठेवायचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही. त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

सकाळी उन्हं वर यायच्या आत निघालो. निर्जला म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. साताऱ्याला आमच्या घरी हा उपास फक्त आजी करायची. इथं सगळं घर करायचं आणि नव्या सुनेनं मागे राहणं शोभलं नसतं. तरी मामंजींनी पुढच्या बंपरला छागल टांगली होती. छागल म्हणजे जाड कापडाची पाण्याची पिशवी. वाऱ्यानं पाणी गार राहतं. "इंजिनसाठी," ते म्हणाले. आत्याबाईंच्या मांडीवर प्रमाणपत्रांची पिशवी आणि बाजूला काळी छत्री. नेसायला पांढरं, बारीक करड्या काठाचं. त्यांनी काठाला इस्त्री केली होती, ते मी पाहिलं.

सिमरोलपर्यंत रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना नांगरून ठेवलेली काळी रानं. त्यानंतर घाट लागतो. भेरूबाबाच्या ठाण्यापाशी सगळे मोटारवाले थांबून नारळ वाढवतात. मामंजींनी स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावून भागवलं, थांबले नाहीत. आज त्यांना घाई होती, निदान तशी दिसत तरी होती. उतारावर गाडी छान चालली. मधे एक छोटा चढ आला, तिथं मात्र इंजिननं दोनदा उचकी दिल्यासारखं केलं. मी मागे पाहिलं. आत्याबाई डोळे मिटून ऐकत होत्या.

घाट उतरला की निमाड. मालवा सोडून तुम्ही खाली आलात हे कुणी सांगावं लागत नाही, वाराच सांगतो. तव्यावरून हात फिरवावा तसा तो चेहऱ्यावरून फिरतो. मृगाचा पत्ता नव्हता. बलवाड्याच्या जरा अलीकडे आलो आणि गाडी बंद पडली.

कशी बंद पडली ते नीट सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. ती धापा टाकत, आचके देत थांबली नाही. फुंकर मारून दिवा विझवावा तशी एका क्षणात गप्प झाली. चाकं तेवढी आपल्या जोरावर थोडी पुढे गेली आणि आम्ही एका झोपडीवजा हॉटेलासमोर उभे राहिलो. तिथं कढईत कचोऱ्या पडत होत्या. वास थेट आत आला.

मामंजींनी टोपी सारखी केली. "चला, उतरा, काहीतरी खा..."

आणि तिथंच थांबले. सवयीनं तोंडातून निघालेलं वाक्य अर्धवट लोंबत राहिलं. मागच्या सीटवरून आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, "आज एकादशी आहे, दादा."

मामंजी उतरले, बॉनेट उघडलं आणि निदान केलं. "गर्मी आहे. पेट्रोलची वाफ होऊन राहिली आहे पाइपात. काही नाही, ओलं फडकं ठेवू." छागलीतलं पाणी फडक्यावर ओतलं, फडकं पेट्रोलच्या पंपावर. हॉटेलवाल्यानं तिथूनच ओरडून विचारलं, "बाबूजी, दो-चार गरमागरम दूँ क्या?" मामंजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. आम्ही लिंबाखाली बसलो. माझ्या घशाला कोरड पडली होती आणि समोर पाणी पंपाला पाजलं जात होतं. तासाभरानं मामंजींनी हँडल मारलं आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"बघितलं? वाफच होती." ते खूश झाले. आत्याबाईंनी नुसतं घड्याळ बघितलं.

बडवाह मागे पडलं. नर्मदेच्या पुलावर मामंजींनी आणि आम्ही "नर्मदे हर" म्हणून पैसा टाकला. खाली पाणी कमी होतं आणि खडक पांढरे झाले होते. तुम्ही आता जाल तर पुलावर थांबू देत नाहीत म्हणे. आम्हीही थांबणार नव्हतो, पण पूल संपून थोडं पुढे गेलो आणि गाडी पुन्हा गप्प. तशीच, फुंकर मारल्यासारखी.

मामंजी फडकं घेऊन उतरले. या वेळी आत्याबाईही उतरल्या. पिशवी माझ्याकडे दिली, छत्री उघडली आणि बॉनेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"दादा, पंपावर नको."

"का नको?"

"वाफ झाली की गाडी आचके देते, फुरफुरते, मग थांबते. ही कुठं फुरफुरली? बटण बंद केल्यासारखी थांबली. मतलब पेट्रोल येऊन राहिलं आहे, ठिणगीच बंद होऊन राहिली आहे."

"तुला काय माहीत, सिंधू?"

"या डब्याला हात लाव." इंजिनच्या बाजूला पत्र्यावर बसवलेला काळा, गोल, मुठीएवढा डबा होता. त्यातून मधोमध एक जाड तार निघत होती. मामंजींनी बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. "आणि वास घे. डांबराचा येतो ना? तो बघ, कडेनं पाझरलंय."

ती कॉइल. बॅटरीची ताकद वाढवून ठिणगी पाडायचं तिचं काम. आतली तार डांबरात बसवलेली असते. ती आतून खराब व्हायला लागली की थंडीत, सकाळी, काही कळत नाही. गाडी पहिल्या हँडलला सुरू होते. तापली की आधी चढावर उचक्या येतात, मग एकदम सगळं बंद. तासभर थांबलं, ती गार झाली, की पुन्हा जशीच्या तशी. म्हणून माणूस फसतो. जो काही उपाय त्या तासात कराल तो लागू पडल्यासारखा वाटतो. फडकं ठेवा, नवस बोला, कचोरी खा.

मामंजी पटकन मानणारे नव्हते. आत्याबाईंनी मला कोरड्या फडक्याची घडी दिली आणि एका प्लगची तार काढून लोखंडाजवळ धरायला लावली. स्वतः छत्री आडवी धरून तिथं अंधार केला, नाहीतर त्या उन्हात ठिणगी दिसलीच नसती. मामंजींनी हँडल मारलं. तारेच्या टोकाशी पिवळट, बारीक, मेल्यासारखी ठिणगी उडाली.

"आहे की ठिणगी!" मामंजी म्हणाले.

"रविवारी घरी तू बघतोस ती कशी असते?"

मामंजींनी हँडल खाली ठेवलं.

"निळी असते," आत्याबाई म्हणाल्या. "चट्ट आवाज येतो तिला. चहा घेऊन येते तेव्हा बघते मी."

मला वाटलं, संपलं. पण आत्याबाई थांबल्या नाहीत. आवाज न चढवता, वर्गात समजावून सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"सांवेरला तू गाडी थांबवली नव्हतीस, दादा. ती थांबली होती. मग तू कचोरी म्हणालास. राऊला तसंच. शिप्रेच्या पुलाशी तसंच. तुम्ही सगळे उतरून खायला जायचे, मी इथं बसायची. तुम्ही परत यायच्या वेळेपर्यंत ती गार व्हायची. मी एकदा नाही, दर वेळी बघितलं."

ऊन इतकं होतं की रस्ता हलताना दिसत होता. मामंजींचा चेहरा लाल झाला, उन्हानं म्हणायचं तर म्हणा. सुनेसमोर ही गोष्ट निघाली हे त्यांना लागलं होतं. मला खरं तर हसू येत होतं, कारण वर्षभर मी माहेरी पत्रांतून लिहीत होते की इंदूरचे लोक खाण्यासाठी गाडी थांबवतात.

"मग बोलली का नाहीस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"तुला आवडायचं ते. मला कुठं पोचायचं नव्हतं तेव्हा." आत्याबाईंनी छत्री मिटली. "आज पोचायचं आहे."

मामंजींनी आपलं फडकं उचललं, पिळलं, पुन्हा भिजवलं आणि कॉइलभोवती गुंडाळलं. "वरच्या तारेला पाणी नको लागू देऊ," आत्याबाई म्हणाल्या. "माहीत आहे," ते म्हणाले. पण फडकं दोन बोटं खाली घेतलं.

त्यानंतरचा प्रवास असा: थोडं जायचं, सावली दिसली की आपण होऊन थांबायचं, फडकं भिजवायचं, पुढे निघायचं. सनावदला पोचेपर्यंत छागल रिकामी झाली. मामंजी पिशवी घेऊन एका किराणा दुकानापाशी गेले. दुकानदारानं माठात गडू बुडवला आणि आधी त्यांच्या हातावर धरला. "पियो, बाबूजी, मुँह सूख रिया है।"

"नहीं भिया, हमारा निर्जला है। गाड़ी को पिलाना है।"

दुकानदारानं गाडीकडे पाहिलं. "इसका उपवास नी है क्या?"

"ये तो साल भर से बिना बताए कर रही थी," मामंजी म्हणाले. तो हसला, मामंजीही हसले. त्या दिवसातलं त्यांचं ते पहिलं हसू. छागल भरली.

सनावद सोडून थोडं अंतर गेलं असेल, गाडी तिसऱ्यांदा थांबली. या वेळी फडकं ओलं होतं. मी तार धरली, आत्याबाईंनी छत्रीचा अंधार केला, मामंजींनी घामाघूम होईस्तोवर हँडल मारलं. ठिणगीच नाही. पिवळीसुद्धा नाही. कॉइलच्या कडेनं डांबर ओघळून खालच्या पत्र्यावर थेंब झाला होता. आसपास गाव नाही, तीन वाजायला फार अवधी नाही, आणि ती कधी गार होईल याची खात्री कुणीच देऊ शकत नव्हतं.

आत्याबाई रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. मला त्यांचा राग येत होता, त्या रागावत का नाहीत याचा. सकाळच्या रेल्वेनं निघाल्या असत्या तर एव्हाना खंडव्यात हातपाय धुऊन बसल्या असत्या.

तेवढ्यात मागून धूळ दिसली. सर्व्हिसची मोटार होती, म्हणजे आताची बस, टपावर पोती, दारात लोंबकळणारे लोक. माझ्या मनात आलं ते मी बोलणार नव्हते; नव्या सुनेनं कसं बोलावं? गाडीवाल्या घरातली बाई अशा मोटारीत, परक्या पुरुषांच्या गर्दीत, एकटी. मामंजींनी मोटारीकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं, आपल्या हिरव्या गाडीकडे पाहिलं. मग ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात वर केले.

मोटार करकचून थांबली. कंडक्टर भडकला. "मरना है क्या, भिया?"

"एक सवारी है। खंडवा। बैठने की जगह चाहिए, खड़ी नहीं जाएगी," मामंजी वसुली खात्याच्या आवाजात म्हणाले. आतून दोन माणसं निमूट उठली.

आत्याबाई अजून दगडावरच होत्या. "दादा, तू?"

"ऊठ. गाडी मागून येते."

"आली नाही तर?"

"नाही आली तर नाही आली. तू जा, सिंधू."

त्या उठल्या, पायरीवर पाय ठेवला. मामंजींनी खालून छत्री दिली. "आणि कोणी पाणी दिलं तर..." ते सांगायला लागले, आणि मग म्हणाले, "तुला वाटेल तसं कर." मोटार निघाली. खिडकीतून त्यांचं डोकं दिसलं, त्या मागे वळून आमच्याकडे नाही, पुढे बघत होत्या.

आम्ही दोघं बाभळीच्या तोकड्या सावलीत बसलो. सासरा आणि सून, बोलायचं काय? बऱ्याच वेळानं मामंजी आपणहून म्हणाले, "बंद पडते हे मला माहीत होतं, सूनबाई. का पडते ते बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर गाडी जुनी झाली असं म्हणावं लागलं असतं." मग म्हणाले, "कचोरी म्हटली की सगळे खूश व्हायचे. मला वाटायचं, कोणी बघत नाही." मला त्यांची दया आली आणि ती आली हे त्यांना दिसू नये म्हणून मी छागलीचं बूच घट्ट करत बसले.

उन्हं कलल्यावर कॉइल गार झाली आणि गाडी सुरू झाली, जणू काही झालंच नव्हतं. रखडत, थांबत आम्ही खंडव्याला पोचलो तेव्हा शाळेचं फाटक उघडं होतं. आत्याबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या होत्या. साडीचा इस्त्रीचा काठ धुळीनं विटकरी झाला होता.

मामंजी फाटकातूनच ओरडले, "पोचलीस का वेळेवर?"

"मी पोचले. कमिटीच साडेतीनला आली." आत्याबाई उठल्या. "शाळा उघडेल तेव्हा रुजू व्हा म्हणालेत."

मामंजींनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, परत घातली. "चांगलं झालं," ते म्हणाले. आणि मग परत एकदा, "चांगलं झालं." दुसऱ्यांदा आवाज जरा फाटला.

रात्र स्टेशनजवळच्या धर्मशाळेत काढली. पहाटे द्वादशीचं पाणी तोंडाला लावलं तेव्हा त्याला चव असते हे मला पहिल्यांदा कळलं. आत्याबाईंनी शेगडीवर भात टाकला. मग मामंजींनी मोटारीच्या सामानाच्या दुकानातून नवी कॉइल आणली आणि तिथल्याच मिस्त्रीकडून बसवून घेतली. मिस्त्रीनं छत्रीबित्री न धरता ठिणगी पाडून दाखवली: निळी, आणि आवाज येणारी. जुनी कॉइल तो भंगारात टाकत होता, ती आत्याबाईंनी मागून घेतली. "विज्ञानाच्या कपाटात ठेवीन. मुलींना दाखवायला."

परतीचा प्रवास वर्णन करण्यासारखा नाही, कारण काही झालं नाही. सनावद, पूल, बडवाह, गाडी न कुरकुरता पळत राहिली. बलवाडा आलं. तेच हॉटेल, तीच कढई. मामंजींनी गाडी कडेला घेतली आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. स्वतः, हातानं. दोन्ही वेळच्या शांततेत फरक होता, या वेळी ती आपली होती.

"चला," ते म्हणाले, "उतरा, काहीतरी खाऊ."

आम्ही दोघं उतरलो. मामंजी पानाच्या द्रोणातून कचोऱ्या घेऊन आले आणि सवयीनं मागच्या खिडकीवरून पुढे निघाले. खिडकीतून हात बाहेर आला.

"दे एक," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी बघतच राहिले. "तुझा नेम?"

"आईला शब्द दिला तेव्हा मी दादाच्या घरी राहणार होते. आता एकटी राहायचं आहे. कधी ना कधी बाहेरचं खावंच लागेल, तर आजपासून सुरू करते." त्यांनी एक तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला आणि विचार करून म्हणाल्या, "तिखट आहे. सांवेरची बरी असेल."

आता मी इंदुरातच, राजेंद्र नगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहते. खंडव्याचा रस्ता रुंद झालाय असं ऐकते. तुम्ही जाणार असाल तर पहाटे निघा, आणि गाडी तापल्यावर फुरफुरून नाही तर एकदम गप्प झाली, तासाभरानं मुकाट सुरू झाली, तर खुशाल खा, पण आधी उतरून बघा. आताच्या गाड्यांत म्हणे समोर दिवा लागतो. दिवा लागला तरी न बघणारी माणसं असतातच.

जुलैत आत्याबाई खंडव्याला गेल्या, रेल्वेनं, एकट्या. मामंजी स्टेशनवर पोचवायला गेले होते. मामंजी आणि मी पुढे कितीदा तरी त्यांच्याकडे गाडीनं गेलो. नव्या कॉइलनं कधी दगा दिला नाही. तरी बलवाडा आलं की मामंजी किल्ली फिरवायचे, टोपी सारखी करायचे आणि मान वळवून मागच्या सीटला विचारायचे, "काय गं, खाणार ना?"

मागे कुणी नसायचं. मग पुढच्या सीटवरून मीच "हो" म्हणायचे.